चाळीस पावलांवरचा हात

बसा जरा टेकून. घाईत असाल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट अर्धी ऐकून गेलेला माणूस बाहेर भलतंच सांगत सुटतो, आणि तसं सांगून झालंय भरपूर. दोरवाल्या आक्काची गोष्ट आहे. तिची आणि तिच्या भिंगरीची. गोडबिड नाही. मध्ये एखाद्या ठिकाणी हसू येईल, तेवढं तिथल्या तिथे हसून घ्या.

भिंगरी म्हणजे आक्काचा मुलगा. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, खांदे असे की दारातून आडवं होऊन यावं लागतं. जन्मताना त्याचा श्वास अडकला होता. सुइणीने उलटा धरून थोपटला तेव्हा कुठे रडला, पण तेवढ्या वेळात डोक्यातलं काहीतरी विझलं ते विझलंच. सहाव्या वर्षी चालायला लागला. शब्द म्हणाल तर तीन. आई, हां, आणि गरम. जे आवडत नाही ते सगळं गरम. कुत्रं गरम, न्हावी गरम, नवा सदरा गरम. भर थंडीत गार पाणी अंगावर पडलं तरी गरम.

तो सात वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. वारला नाही, गेला. मागे ठेवून गेला दोर वळायचं चाक, दोन वर्षांची मुलगी आणि हा. आता दोर वळायला माणसं लागतात दोन. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने कमरेला वाख गुंडाळून, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवून, बोटांनी थोडा थोडा सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. वाख म्हणजे घायपाताच्या पानातून काढलेले लांब पांढरे धागे. दिसायला म्हातारीच्या केसांसारखे, पण बोट कापतात. आक्काकडे दुसरं माणूस नव्हतं. तिने सात वर्षांच्या पोराला चाकापाशी बसवलं, त्याचा हात चाकाच्या मुठीवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवून दोन दिवस फिरवला. तिसऱ्या दिवशी तो एकटा फिरवायला लागला, आणि त्या दिवसापासून तो गावाचा भिंगरी झाला.

चौतीस वर्षं. घरामागे चाळीस पावलांची पट्टी आहे, तिथे आक्काच्या टाचांनी जमीन इतकी दाबली गेलीय की पावसात आधी तिथे पाणी साचतं. एका टोकाला पत्र्याखाली चाक आणि भिंगरी. दुसऱ्या टोकाला ठोकलेला खांब. मधल्या जागेत आक्का, कमरेला वाखाचा पुडका, दातांत वाखाची बट धरलेली, तोंड चाकाकडे, पाठ खांबाकडे. ओठाचा डावा कोपरा कायमचा फाटलेला. तिला पुढे चालताना गावाने कमी पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात तिला दम लागायला लागला. आधी खांबापाशी पोचल्यावर, मग पंचविसाव्या पावलावर. खोकताना दातांतला वाख सुटायचा आणि दोरात गाठ यायची. तीन आठवडे तिने अंगावर काढलं. मग शिंपीण, म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी, तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरने छातीचा फोटो खिडकीकडे धरून पाहिला. इतकी वर्षं नाकातोंडात वाखाची धूळ गेलीय, फुप्फुसं आखडलीत, आता औषधाने त्रास कमी होईल पण आहे ते परत येणार नाही, असं त्याने सांगितलं. काम आजपासून बंद. किती दिवस, असं आक्काने विचारलं. तिला म्हणायचं होतं काम किती दिवस बंद. डॉक्टरला वाटलं ती दुसरंच विचारतेय. तो म्हणाला, वर्ष निघेल, कदाचित दोन. मग चष्मा पुसत त्याने विचारलं की घरी कोण आहे.

“मुलगा आहे,” आक्का म्हणाली.

“मग काळजी नाही. तो बघेल तुमच्याकडे.”

शिंपीण काहीतरी बोलायला गेली, आक्काने तिचा हात दाबला. बाहेर आल्यावर दोघी पायरीवर बसल्या. आक्काला हसू आलं, आणि हसण्यात खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत शिंपीण तिची पाठ चोळत राहिली.

त्याच दवाखान्यातून कुणीतरी तिचं नाव एका संस्थेच्या ताईला दिलं. ही ताई तिशीची, दुचाकीवरून यायची, पिशवीत कागदांचे गठ्ठे. लोक तिला कागदवाली ताई म्हणायचे. ती आसपासच्या गावांत फिरून भिंगरीसारख्या मुलांच्या आयांना गोळा करायची. मुलं म्हणजे वीस वर्षांचीही आणि पन्नासचीही. शाळेच्या खोलीत एका दुपारी आठ आया, दोन बाप आणि एक आजोबा लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. ताईने प्रत्येकाला एक मोठा कागद दिला. मध्ये तुमचं मूल काढा, म्हणाली, आणि त्याच्याभोवती गोल करून त्याची माणसं लिहा.

आक्काला लिहिता येत नव्हतं, म्हणून ताई तिच्याजवळ बसली. भिंगरीभोवती कोण आहे, विचारलं. आक्का म्हणाली, मी. आणखी कोण? मीच की. ताईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आक्काला वाटलं हिला कमी ऐकू येतं. मग ताई हळूच म्हणाली, तुमच्यानंतर कोण.

खोलीत सगळ्यांच्याच पेन्सिली थांबल्या होत्या. आजोबांनी आपला कागद घडी करून खिशात घातला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

तरी ताई चिवट होती. तीन दुपारी ती आक्काच्या अंगणात पोत्यावर येऊन बसली आणि भिंगरीबद्दल आक्का सांगेल ते सगळं लिहून घेतलं. आंघोळीला पाणी आधी पायावर घालायचं, डोक्यावर शेवटी. नखं झोपेतच कापायची. नवा सदरा आणला की आधी आक्काने तो उशाखाली घेऊन एक रात्र झोपायचं, मग तो घालतो. डोकं आपटायला लागला तर धरायचं नाही, वाखाचं भरलेलं पोतं मांडीवर ठेवायचं, वजनाने शांत होतो. जेवताना समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. चल म्हटलं की चालतो, बस म्हटलं की बसतो. आक्का सांगता सांगता स्वतःच चकित झाली. इतकं सगळं आपण करतो हे तिला माहीत नव्हतं. सहा पानं भरली. ताईने ती तिला वाचून दाखवली तेव्हा आक्का म्हणाली, या कागदावर दुसरी बाई असती तर मी तिच्या पाया पडले असते.

मग माणसं. ताई म्हणाली चार तरी हवीत, म्हणजे एकावर भार येत नाही. शिंपिणीने लगेच हो म्हटलं, सकाळचं आंघोळ-जेवण तिच्याकडे. समोरचा लोहार दिवसा बघणार होता. त्याची एकच अट, आपलं नाव शिंपिणीच्या वर लिहायचं, खाली लिहिलं तर बाई हुकूम सोडेल. शिंपीण म्हणाली, वर लिहा हो, मेल्याला कुठेतरी तरी वर जाऊ दे. गल्लीच्या टोकाचा गवंडी एकटाच राहायचा, तो संध्याकाळपासून झोपेपर्यंत येणार होता. चौथं नाव आक्काने न विचारताच सांगितलं. लेक. चार कोस लांब दिली होती, पण लेकच ती.

ताईचं म्हणणं पडलं की कागद नुसता ठेवायचा नसतो, सराव करायचा असतो. आक्काने तीन दिवस लेकीकडे जावं, या तिघांनी कागदाप्रमाणे भिंगरीकडे बघावं. आक्का चौतीस वर्षांत एक दिवस बाहेर राहिली नव्हती. निघताना तिने भिंगरीला सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं, आणि कळलं असतं तर जाता आलं नसतं. सकाळच्या बसने गेली. बसमध्ये तिला पुढे तोंड करून बसवलं, तर ती वळून मागच्या काचेकडेच बघत राहिली.

लेकीच्या घरी तिला पाटावर बसवलं, चहा दिला. जावई बरा होता, चार शब्द बोलून कामावर गेला. लेकीची सासू खाटेवरून तिच्या पायांकडे बघत होती. टाचांना भेगा इतक्या, की आक्काने पाय आत ओढून घेतले. दुपारी लेक मागच्या दारी धान्य निवडत बसली आणि आक्का तिच्यासमोर खडे वेचायला बसली. आक्काने कौतुकाने सगळं सांगितलं, सहा पानं, चार नावं. लेकीचे हात चालत राहिले.

“माझं नाव लिहिलंयस?”

“लिहिलंय की.”

“खोड ते.”

आक्काला वाटलं ती सासूच्या भीतीने बोलतेय. हळू आवाजात म्हणाली, तुला आणायचं नाही त्याला, फक्त अधूनमधून जायचं. लेकीने सूप खाली ठेवलं.

“सासूचं नाही गं. मी चार वर्षांची होते तेव्हापासून त्याची चड्डी मी बदलली. तुझ्या हातात वाख असायचा, म्हणून माझ्या हातात तो. शाळेत मला मुताचा वास यायचा. लग्न ठरलं तेव्हा मला नवरा कसा आहे ते बघायचंसुद्धा सुचलं नाही, चार कोस लांब आहे एवढंच बघितलं. मी त्याच्यावर राग धरत नाही. पण लिहून नको ठेवू.”

निवडलेल्या धान्यातून आक्काने एक खडा काढला, मग आणखी एक. लेकीने थोड्या वेळाने तिच्या टाचांना लावायला तेल आणून दिलं आणि स्वतःच चोळून दिलं, जोरात, दोन्ही अंगठ्यांनी, कागदाचं नाव न काढता.

रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने आक्का परत निघाली. तिसरा दिवस थांबून करायचं काय होतं?

गल्लीत शिरली तेव्हा तिच्या दारात माणसं उभी होती. कुणी तिच्याकडे बघेना. लोहार भिंतीला टेकून बसला होता, सदऱ्याची बाही खांद्यातून उसवलेली. शिंपिणीच्या कोपराला फडकं बांधलेलं. आक्का त्यांना ओलांडून मागे गेली.

भिंगरी चाकावरच्या पत्र्याला आधार दिलेल्या खांबाला बांधलेला होता. छातीवरून आणि मांड्यांवरून दोर, तिचाच, तीन पदरी, गेल्याच महिन्यात वळलेला. भुवईवर उभी चीर, रक्त सुकून डोळा चिकटलेला. दोन्ही तळवे सोलून निघालेले. चाकाचा सांगाडा जमिनीतून उपटून तिरका झाला होता. आणि बांधलेला असूनसुद्धा त्याचा उजवा खांदा फिरत होता. दोर जेवढी जागा देत होता तेवढ्यात, गोल गोल. तोंडाने गरम, गरम चालू होतं, आवाज बसलेला.

काय झालं ते लोहाराने मागून सांगितलं, अडखळत. आदला दिवस चांगला गेला. भिंगरी आंघोळीला नाही म्हणाला नाही, जेवला, फक्त दिवसभर चाकापाशी जाऊन बसायचा आणि खांबाकडे बघत राहायचा. सकाळी लोहाराला त्याची दया आली. काम मिळालं तर बरं वाटेल याला, म्हणून त्याने स्वतः कमरेला वाख गुंडाळला. दोर वाकडातिकडा येत होता पण भिंगरी काय खूश झाला म्हणून सांगू, लाळ गळेपर्यंत हसला. इतक्यात भट्टीवरून हाक आली. बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव तापून लाल झाली होती, ती तेव्हाच बसवली नाही तर वाया जाते. लोहाराने आपल्याकडचं टोक खांबाला बांधलं, लांबूनच ओरडून थांब म्हणाला, आणि गेला. कागदात होतं ना, चल म्हटलं की चालतो, बस म्हटलं की बसतो. थांब म्हटलं की थांबेल असंच कुणालाही वाटणार.

भिंगरी थांबला नाही. पीळ चढत गेला, दोर आखडत गेला, चाक जड झालं तसा तो जोर लावत गेला. सांगाडा उपटला. मग दोर तुटला आणि आकड्याकडचं टोक सपकन त्याच्या तोंडावर बसलं. तरी तो फिरवतच राहिला, मोकळं चाक. शिंपीण डबा घेऊन आली तेव्हा मुठीवरून रक्त ठिबकत होतं. तिने मूठ धरली, त्याने तिला ढकललं, ती कोपरावर पडली. ओरडा ऐकून माणसं आली. पोत्याची आठवण झाली होती शिंपिणीला, पण मांडीवर ठेवायला आधी मांडी तर हवी, तो बसेचना. चार जणांनी धरला तरी हात फिरतच होता.

“बांधला आक्का. दुसरं काय करणार होतो आम्ही?”

आक्काने गाठी बघितल्या. घट्ट होत्या, पण मायेने मारलेल्या, खाली फडकं घालून. दोराचं एक टोक सैल लोंबत होतं. तिने ते उचललं, चार पावलं उलटी मागे गेली आणि दोनदा ओढलं. जोरात नाही. झोपलेल्या माणसाची चादर ओढावी तसं.

भिंगरीचा खांदा थांबला. मान छातीवर पडली. एवढा मोठा माणूस दोरातल्या दोरात सैल झाला.

आक्का तोंडातल्या तोंडात म्हणाली, हे सांगायचं राहिलं. सांगणार तरी कसं? चौतीस वर्षं तिच्या दातांत वाख होता. काम चालू असताना ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. थांबायची वेळ झाली की दोनदा ओढायचं, हे तिचे हात करायचे. सहा पानांत तिने डोक्यातलं सगळं दिलं होतं, हातांना कुणी विचारलंच नव्हतं.

ताई दोन दिवसांनी आली. भिंगरीचे हात बघून तिचा चेहरा पडला. तरी तिने कागद काढला आणि सातव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, दोर दोनदा ओढला की थांबतो. लिहिल्यावर तिला जरा धीर आला. चूक सापडली म्हणजे निम्मं काम झालं, म्हणाली. आक्कालाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. गवंड्याने सांगाडा पुन्हा रोवून दिला. तळव्यांवर खपल्या धरल्यावर भिंगरी आपणच चाकापाशी जाऊन बसला. मग आक्काने शिंपिणीला टोकाशी उभं केलं, कमरेला वाख बांधून दिला. दहा पावलं झाली. शिंपिणीने दोनदा ओढलं.

तो फिरवत राहिला.

हळू ओढून बघितलं, जोरात ओढून बघितलं. गवंड्याने ओढलं, ताईने पिशवी खाली ठेवून ओढलं. आपण दिसतोय म्हणून तो थांबत नसेल, असं वाटून आक्का घरात लपून बघायला लागली. तसं नव्हतं. शेवटी ती भिंतीआडून आली, त्याला दिसणार नाही अशा बाजूने, आणि शिंपिणीच्या मुठीमागे दोर धरून ओढला. चाक थांबलं.

चाळीस पावलांवरून, दोरातून, त्याला हात ओळखू येत होता. हे कोणत्या पानावर लिहायचं ते ताईलाही कळेना. तिने पेन उघडलं आणि परत बंद केलं.

त्यानंतर एकेक नाव गळायला लागलं. भांडण झालं नाही की कुणी तोंड फिरवलं नाही. लोहार एका सकाळी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहून पायाने माती उकरत म्हणाला की रात्री डोळा लागला की त्या दोराचा आवाज येतो, माझं नाव काढा. भट्टीत तापलेलं लोखंड उघड्या हाताने उचलेन पण ही जोखीम नको. आक्का म्हणाली, आत ये, चहा घे. तो आत आला नाही. शिंपिणीने नाव काढा म्हटलं नाही, पण तिची सून भिंतीपलीकडून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली की घरात लहान मुलं आहेत. शिंपीण तेव्हापासून डबा देते तो दारातून. गवंड्याला लांबच्या बांधकामावर काम मिळालं. खरंच मिळालं, बहाणा नव्हता, आणि म्हणूनच आक्काला त्याच्यावर रागावतासुद्धा आलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला ताई शेवटची आली. संस्थेचं या भागातलं काम महिनाअखेर बंद होणार होतं. तिलाही दुसरीकडे जायला सांगितलं होतं. शहरात अशा माणसांना ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे भिंगरीचं नाव तिने यादीत लावलं होतं. जागा कधी होईल, आक्काने विचारलं. तिथलं कुणी गेलं की, ताई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिने खाली बघितलं. आधी किती जण आहेत ते आक्काने विचारलं नाही. तिने दुसरंच विचारलं.

“तिथे चाक आहे का?”

“नाही आक्का. टीव्ही आहे.”

ताई रडायला लागली. आक्काने तिला पाणी दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, रस्ता निसरडा आहे, गाडी हळू चालव म्हणाली. सात पानांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवला. सगळ्यात वर शाळेतला तो मोठा कागद, त्याच्या गोलात मध्ये भिंगरी आहे. बाजूची चार नावं ताईने खोडली नाहीत, तिच्याच्याने झालं नाही.

मग आक्काने जे सुरू केलं ते तिचं तिनेच. डॉक्टरने काम बंद म्हटलं होतं. हे काम नव्हेच म्हणा. ती भिंगरीला रोज सकाळी चाकावर बसवते आणि जो कुणी गल्लीतून जाईल त्याला बोलावते. पाववाला, शाळेचा शिपाई, रस्ता चुकलेला माणूस, कुणीही. टोक त्याच्या हातात देते, त्याच्या हातावर आपला हात ठेवते आणि दोघं मिळून दोनदा ओढतात. चाक थांबतं. मग पुढच्या खेपेला ती आपला हात जरा हलका ठेवते. त्याच्या पुढच्या खेपेला नुसतं बोट. बोट काढलं की चाक चालू राहतं. मग पुन्हा पहिल्यापासून. त्याला असं कळायला हवं की दोराच्या पलीकडे कुणीही असू शकतं. एवढी एकच गोष्ट, आणि ती एकेचाळीस वर्षांच्या डोक्यात शिरायला तिच्याकडे वर्ष आहे, कदाचित तेवढंही नाही.

आता ती पंधरा पावलांवर बसते. तिथे खुर्ची ठेवलीय. खोकला आला की तोंडावर फडकं धरते, दोर हलू नये म्हणून दुसरा हात लांब धरते. फडक्यावर काय येतं ते घडी करून लपवते. भिंगरीच्या तळव्यांवर नवी कातडी आलीय, गुलाबी, लहान मुलासारखी. भुवईवर केस उगवले नाहीत. चाक चालू असताना तो खूश असतो, त्याला यातलं काही माहीत नाही.

शिंपिणीसाठी तो आतापर्यंत दोनदा थांबला. नुसत्या तिच्या हातासाठी, आक्काने बोट लावलं नव्हतं. पहिल्यांदा थांबला तेव्हा शिंपीण सून बघतेय हे विसरून मटकन खाली बसली. दुसऱ्यांदा थांबला त्याला आता महिना झाला. त्यानंतर नाही. का थांबला आणि पुढे का थांबत नाही, आक्काला सांगता येत नाही. पाववाल्यासाठी एकदाही नाही. लोहार गल्लीतून जाताना दुसरीकडे बघतो. मधल्या दिवसांत कुणीच आलं नाही तर आक्का एकटीच टोक धरून बसते, आणि संध्याकाळी तिलाच दोनदा ओढावं लागतं. ओढताना तिला वाईट वाटतं, कारण प्रत्येक वेळी तो तिचाच हात आणखी पक्का शिकतो.

तर मी काय म्हणतो, त्या बाजूला जाणं झालं तर त्या घराच्या मागच्या अंगणात जा. ओळखपाळख लागत नाही. आक्का टोक तुमच्या हातात देईल, ते धरा. जमेल तेवढं मागे जा. मग दोनदा ओढा. तो थांबणार नाही. त्याच्यावर रागावू नका, आणि दोर बांधून निघून जाऊ नका. परत ओढा.